पुढ्यात पडलेला खडा

चंदना मगदूम बाई खुर्चीत निवांत बसलेल्या चिलारवाडीच्या शाळेत कुणी पाहिल्या असतील, तर त्यानं पुढं यावं. त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हरकत नाही. बाई हजेरी उभ्यानं घेत. पाढे म्हणवून घेता घेता एखादीची सुटलेली वेणी घालत, एखाद्याचं बटण लावत. मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट हातात धरून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. मुख्याध्यापक बाळासो गुरुजी निवृत्तीला टेकलेले. खुर्चीतून उठायचं म्हटलं की आधी दोनदा विचार करणारे. ते म्हणायचे, "बाई, तुमच्या पायाला भिंगरी हाय. जरा टेका की."

"टेकते की गुरुजी," बाई म्हणायच्या आणि चालतच राहायच्या.

त्याला कारण होतं. बाई मूळच्या पलूसच्या, दिल्या सांगलीत विश्रामबागेत आणि नोकरी लागली सातारा जिल्हा परिषदेत, वडूजच्याही पुढच्या माळावर. नवरा भरतेश, त्याचं गणपती पेठेत भांड्यांचं दुकान. मुलगी प्रीती, अजून बालवाडीत. आठवडाभर बाईंनी वडूजला भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की सांगलीची गाडी धरायची आणि सोमवारी पहाटे उलट्या पावली निघायचं. दर वर्षी आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरायचा आणि दर वर्षी यादी लागली की त्यात आपलं नाव नाही हे शांतपणे वाचायचं. शांतपणे म्हणजे येरझाऱ्या घालत. अंग माळावर आणि जीव विश्रामबागेत असला की माणूस बसणार तरी कुठं?

सोमवारची पहाट सगळ्यात वाईट. प्रीती झोपेत आईच्या गाऊनची बाही मुठीत धरून झोपायची. ती मूठ एकेक बोट करून सोडवायची, बोटांत उशीच्या अभ्र्याचं टोक द्यायचं आणि चपला हातात घेऊन जिना उतरायचा. ही युक्ती सासूबाईंची, त्रिशलाबाईंची. "पोर जागं झालं की रडणार, ते रडलं की तुझा पाय निघणार नाही, आणि पाय निघाला नाही की गाडी जाणार. झोपेत असतानाच नीघ कशी," असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. आपल्याकडं घरोघरी हेच चालतं. पोराला शेजारी खेळायला पाठवायचं आणि मागच्या दारानं सटकायचं. याला कुणी फसवणूक म्हणत नाही. उलट पोराचं मन जपलं असंच म्हणतात.

राणीची गोष्ट सुरू झाली ती बाईंच्याच हौसेनं. राणी तिसरीत होती. तिचा बाप अर्जुना आणि आई बया मेंढरं घेऊन दिवाळीनंतर पाण्याच्या मुलखात, कृष्णाकाठी उतरायचे आणि पाऊस पडायच्या बेताला परतायचे. राणी दर वर्षी त्यांच्याबरोबर जायची आणि परत यायची तेव्हा वर्ग पुढं गेलेला असायचा. पोरगी हुशार होती. डोळ्यांपुढं तिचं वर्ष वाया जाताना बाईंना बघवेना. यंदा राणीची आजी रंगुबाई गुडघ्यांमुळं वाडीतच राहणार हे कळलं, तशा बाई थेट अर्जुनाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"हिला इथं ठेवा. आजीजवळ राहील, शाळा बुडणार नाही."

"बाई, तुमी म्हंताय तर ठिवतो," अर्जुना डोकं खाजवत म्हणाला. "पर ती ऱ्हाईल का?"

"राहील. मुलं रमतात. आणि मी आहे ना!"

राणी दाराच्या चौकटीला धरून सगळं ऐकत होती. मुलं रमतात हे वाक्य मोठ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी तयार केलेलं आहे; मुलांना विचारून कुणी ते म्हटल्याचं ऐकिवात नाही. पण बाईंच्या मनात खोट नव्हती. त्या दिवशी त्या परतल्या त्या जवळजवळ उड्या मारतच.

दिवाळीची सुट्टी संपली, मेंढरं गेली आणि पंधरवड्याच्या आत राणी दगड मारायला लागली.

दिवसभर पोरगी गप्प असायची. लिहायची, वाचायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण शाळा सुटायची वेळ जवळ आली की तिची चुळबुळ सुरू व्हायची. घंटा झाली रे झाली की सगळ्यांच्या आधी फाटकाशी जाऊन उभी. पोरं कालवा करत बाहेर पडायची, चार वाटांनी पांगायची, आणि हिच्या स्कर्टच्या खिशातून खडे निघायचे. तोंडातून शब्द नाही. एकापाठोपाठ एक खडा सुटायचा. बहुतेक कुणाला लागत नसत. पुढ्यात पडत, धूळ उडे, पोर दचकून थांबे आणि मग शिव्या देत पळे. पण दगड लागला नाही म्हणून मारणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही. बाईंनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. रोज सकाळी खिसे तपासून खडे बाहेर टाकायच्या. संध्याकाळी खिसे परत भरलेले. खड्यांना माळावर काय तोटा!

बाई जैन. दशलक्षण पर्व संपलं की हात जोडून "वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा" असं थोरांनी धाकट्यांनासुद्धा म्हणायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. क्षमा मागितली की मन हलकं होतं, यावर त्यांचा विश्वास. म्हणून त्यांनी राणीला वर्गासमोर उभं केलं आणि क्षमा मागायला लावली. राणीनं हात जोडले, मान झुकवली, "क्षमा करा" असं इतकं स्वच्छ म्हटलं की बाईंनाच भरून आलं. दुसऱ्या दिवशी घंटा झाली आणि पहिला खडा सुटला.

मग वडूजला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, मुलांच्या भावनिक विकासाचं. पडद्यावर चित्रं, मधे चहा, शेवटी सगळ्यांचा एक फोटो. तिथून बाई चेहऱ्यांचा एक तक्ता घेऊन आल्या. हसरा चेहरा, रडका चेहरा, रागीट चेहरा, घाबरलेला चेहरा. मुलानं सकाळी येऊन आपल्या मनासारख्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. सगळ्यांनी ठेवलं. राणीनं तक्त्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं आणि जागेवर जाऊन बसली. तिचा चेहरा त्या तक्त्यात नव्हता की काय कोण जाणे.

आणि एक दिवस शंभूराजचं कपाळ फुटलं. शंभूराज चौथीतला, वाऱ्यासारखा पळणारा. त्याचा बाप रविराज मिलिटरीतून पेन्शनवर आलेला आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. वडूजच्या दवाखान्यात पोराच्या कपाळाला टाके पडले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत समिती बसली. रंगुबाई पदर तोंडाला लावून उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाई, डिसिप्लिन म्हंजे डिसिप्लिन," रविराज म्हणाला. "आज कपाळ, उद्या डोळा. पोरगी आई-बापाकडं धाडा."

"तसं शाळेतून काढता येत न्हाई," बाळासो गुरुजींनी कायद्याचं बोट धरलं.

"काढा कोन म्हंतंय? रंगुमावशीला सांगा, तिची ती घिऊन जाईल. का कायदा माज्या पोराच्या कपाळाला मलम लावनार हाय?"

"आवं, लेकरू हाय ते..." रंगुबाई पुटपुटली.

चंदना बाई खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. त्यांना पुढचं सगळं दिसत होतं. आता मेंढरांमागं गेली की पोरगी पुन्हा शाळेत येणार नाही. दिसेल ती एकदम हळदीच्या अंगानं. "एक संधी द्या," त्या म्हणाल्या. "माझी जबाबदारी."

रविराजनं मिशीवरून हात फिरवला. "बरं. तुमच्या शब्दाखातर. पर या शाळेत आनखी एक दगड पडला तर बोलायचं न्हाई. पोरगी त्याच दिवशी गाडीत."

राणीला सगळ्यांनी विचारलं, का मारलास? ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

त्या रात्री बाईंनी वडूजच्या खोलीत नुसत्या फेऱ्या घातल्या. घरमालकीण खालून ओरडली, "बाई, काय हारवलंय का?" सकाळी त्यांनी पलूसला वडिलांना फोन लावला. अण्णाप्पा शेतकरी, कुणाच्या रानात कुणाची मेंढरं खतासाठी बसली आहेत हे त्यांना तोंडपाठ असायचं.

"चिलारवाडीचा अर्जुना? हाय की. इथंच चौगुल्यांच्या ऊस गेलेल्या रानात बसलाय. का गं बाई?"

शनिवारी सांगलीची गाडी सोडून बाई पलूसच्या गाडीत बसल्या. अण्णाप्पांनी मोटरसायकलवरून रानापर्यंत सोडलं. रानात मेंढरं पसरली होती, घोडं बांधलेलं, कोंबड्या पाटीखाली, आणि बया काठी बगलेत धरून उभी. बाईंना बघून तिचा चेहराच उतरला. "राणीला काय झालं का वो?"

"काही नाही. बरी आहे ती. सहज आले." बाईंना खरं बोलायचा धीर होईना.

तेवढ्यात कळपातलं एक मेंढरू शेजारच्या हरभऱ्याकडं वळलं. बयानं बोलता बोलता वाकून खडा उचलला आणि मनगटाच्या झटक्यानं फेकला. खडा मेंढराच्या तोंडापुढं पडला, धूळ उडाली, मेंढरू थबकलं आणि गुमान मागं फिरून कळपात शिरलं.

बाई बघतच राहिल्या. "लागला नाही ना त्याला?"

"लागंल कशाला?" बया हसली. "मेंढराला मारत्यात व्हय बाई? म्होरं टाकायचा. वळतंय ते."

चिलारवाडीतल्या निम्म्या लोकांनी हे जन्मभर पाहिलेलं होतं. बाळासो गुरुजींनी पाहिलं होतं, रविराजनं पाहिलं होतं. पण आपल्या पोराचं कपाळ फुटलेलं असताना असलं काही आठवत नाही. बाईंना त्या उन्हात शाळेचं फाटक दिसलं, चार वाटांना पांगणारी पोरं दिसली. राणी मारत नव्हती, वळवत होती. मेंढरू खडा पडला की थांबतं. शंभूराज थांबणारा नव्हता, तो पळता पळता खड्याच्या वाटेत आला.

पण का? मेंढरं हरभऱ्यात जातात म्हणून वळवायची; पोरं तर आपापल्या घरीच जात होती. बाईंनी थोडा वेळ इकडंतिकडं केलं आणि मग विचारलं, "बया, निघताना राणीला काय सांगून आलात?"

बयानं मान खाली घातली. काठीनं माती टोकरत राहिली. "काय न्हाई सांगितलं. रातीच बिऱ्हाड बांधून ठिवलं हुतं. शाळंला सोडली, ती वर्गात गेली आन आमी घोडं हाकललं." मग घाईघाईनं म्हणाली, "रडली आसती वो. आन ती रडली आसती तर माजा पाय निगाला नसता."

पुढचं रंगुबाईकडून बाईंना ऐकून ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ आत्ता लागला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर राणी घरी पळत आली, तर अंगणात लेंड्या आणि विझलेली चूल. पोर दप्तरासकट रस्त्यानं पळत सुटली होती, पार मायणीच्या वळणापर्यंत. आजीनं कुणाला तरी गाडीवर पाठवून आणवली. तेव्हापासून शाळा सुटायची घंटा झाली की ती सगळ्यांच्या आधी फाटक गाठत होती. माणसं फाटकातून बाहेर पडतात आणि मग ती नसतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

"लय मारती का वो पोरांस्नी?" बयानं भीत भीत विचारलं. तिला वाडीवरून काहीतरी कळलेलं असावं.

"मारत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखीच करते."

सांगलीला पोचेपर्यंत बाई गाडीच्या दारातल्या दांड्याला धरून उभ्या होत्या. बसायला जागा होती. कंडक्टरनं दोनदा सांगितलं. त्यांच्या कानात बयाचं वाक्य घुमत होतं, आणि ते बयाचं वाटत नव्हतं, त्रिशलाबाईंचं वाटत होतं. सोमवारी पहाटे त्यांनी प्रीतीला उठवायचं ठरवलं. सासूबाई दारातच आडव्या आल्या. "झोपलेलं पोर उठवून रडवतेस? शिकलीस का याचसाठी?" बाईंनी मुकाट्यानं मूठ सोडवली, एकेक बोट. चपला हातात घेतल्या. माणसाला एखादी गोष्ट कळते आणि तरी हातून जुनंच होतं, यासारखा छळ नाही.

शाळेत मात्र त्यांनी हयगय केली नाही. मधल्या सुट्टीत अर्जुनाच्या मोबाइलवर फोन लावून तो राणीच्या कानाला दिला. बयाला काय बोलायचं ते त्यांनी रानातच सांगितलं होतं. दशलक्षणाच्या शेवटी थोरसुद्धा धाकट्यांची क्षमा मागतात, तसं. फोनमधून बयाचा घोगरा आवाज आला, "राने, न सांगता गेलो. चुकलं माजं." फोन बंद झाल्यावरही राणीनं तो कानावरून काढला नाही, आणि बाईंनीही मागितला नाही.

त्या दिवसापासून तिसरी-चौथीला एक नियम लागला. शाळेतून जायचं तर राणीला सांगून जायचं. फाटकाशी तिच्या हाताला हात लावायचा, "येतो गं राणी, उद्या" म्हणायचं आणि मगच पळायचं. पोरांना तो खेळच झाला. काही तर दोन-दोनदा सांगायला परत यायची. रविराज गाडीवरून जाता जाता थांबून बघायचा आणि म्हणायचा, "ह्यो काय रोलकॉल लावलाय बाई?" एकदा शंभूराज मुद्दाम मागच्या कुंपणावरून उडी मारून गेला. राणीनं त्याला जाताना पाहिलं. तिचा हात खिशाकडं गेला आणि बाई दोन पावलं पुढं झाल्या. हात खिशात गेला, तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी शंभूराज आपणहून तिच्यासमोर उभा राहिला, कपाळावरची खूण खाजवत म्हणाला, "काल ऱ्हायलं." राणीनं मान हलवली. एवढ्यावर मिटलं.

तिचा खिसा रिकामा झाला, असं मात्र कुणी म्हणू नये. खडे कमी कमी होत गेले, पण एखादा असायचाच. बाईंनी तपासणं सोडून दिलं होतं.

आणि मग एका सोमवारी बाईंनी प्रीतीला उठवलं. सासूबाई बडबडत देवघरात गेल्या. प्रीतीनं डोळे चोळले, आई चप्पल घालून उभी आहे हे पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. भरतेश उठला, खालचे भाडेकरू उठले, बाईंची गाडी गेली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी प्रीती रडली, पण रडता रडता तिनं विचारलं, "शनिवारी?" "शनिवारी," बाई म्हणाल्या. नंतर कधीतरी बाईंच्या लक्षात आलं की पोर आता बाही न धरता झोपते. त्या अंधारात किती वेळ त्या उघड्या तळव्याकडं बघत पडून राहिल्या.

एवढं सगळं जुळून येत होतं आणि बदलीची यादी लागली. त्यात नाव होतं. चंदना भरतेश मगदूम, सांगली जिल्हा.

बाई आनंदानं रडल्या. भरतेशनं दुकानात पेढे वाटले. बाळासो गुरुजींनी कार्यमुक्तीचा दिवस ठरवून दिला आणि म्हणाले, "निरोपाचा कार्यक्रम करू." बाई घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "नको गुरुजी. पोरं रडतील. आधी मीच त्यांना सांगते नीट, मग बघू."

सांगणं काही होईना. एक दिवस राणीची भागाकाराची सगळी गणितं बरोबर आली, तिचा खुललेला चेहरा मोडवेना. एक दिवस रंगुबाई आजारी. एक दिवस नुसताच असा गेला, वर्गात चालता चालता. पोरं विचारायची, "बाई, तुमी आज लयच फिरताय!" रात्री भरतेश फोनवर म्हणायचा, "सांगून काय करणार आहेस? दंगा होईल. हळूच नीघ. नवीन बाई आल्या की दोन दिवसांत विसरतील. मुलं रमतात गं."

हे ऐकून बाईंनी फोन ठेवून द्यायला हवा होता. त्या "हूं" म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी पोरं व्हरांड्यात खिचडी खायला बसली. बाईंची पिशवी रविराजच्या गाडीला आधीच लटकवलेली. वडूज स्टँडवर सोडायचं त्यानं आपणहून कबूल केलं होतं. गाडी शाळेच्या भिंतीआड उभी, इंजिन सुरू. बाळासो गुरुजींनी डोळ्यांनीच निरोप दिला. बाई पाण्याच्या टाकीच्या बाजूनं निघाल्या. ताटांचा आवाज मागं येत होता. फाटकापर्यंत दहा-बारा पावलं उरली असतील. त्यांना वाटलं, जमलं. पाय चालतच राहिले.

पुढच्या पावलाच्या वीतभर पुढं खडा पडला. धूळ उडाली. बाई थबकल्या.

भिंतीआडून रविराजनं ते पाहिलं. "बघितलंत? शेवटी तुमच्यावर बी! म्या काय म्हनलो हुतो, आनखी एक दगड पडला तर..."

"मला लागलेला नाही," बाई म्हणाल्या. "मोजायचाच असेल तर माझ्या नावावर मोजा, रविराज. न सांगता मी निघाले होते."

त्या मागं फिरल्या. राणी व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती. ताट खाली पडलेलं, खिचडी सांडलेली, उजवा हात अजून हवेत. बाई तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि या खेपेला त्यांनी काहीही गोड करून सांगितलं नाही.

"राणी, माझी बदली झाली. मी सांगलीला चालले, प्रीतीकडं. कधीपासून सांगायचं होतं. भ्याले. चुकलं माझं."

"उद्या?" राणीनं विचारलं.

"उद्या नाही."

"परवा?"

"परवा पण नाही. पाऊस आला की तुझी आई येईल. मी या शाळेत परत यायची नाही, राणी."

राणीनं हवेतला हात खाली घेतला. "तुमी माज्या बाला म्हनला हुता, मी हाय."

हो, बाईंनी म्हटलं होतं. राणीला त्या क्षणी रडू फुटलं. दिवाळीपासून एकदाही न रडलेली पोर आता हंबरडा फोडून रडायला लागली. आजी घरातून धावत येईल इतक्या मोठ्यानं. शंभूराज हातातलं ताट धरून तसाच उभा. बाईंच्या ओठांवर "रडू नको" आलं होतं, ते त्यांनी गिळलं. त्यांचेही डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

भिंतीआड गाडीचं इंजिन बंद झालं. रविराज पिशवी घेऊन आला, ती त्यानं व्हरांड्याच्या कडेला ठेवली. कुठं बघावं हे त्याला कळत नव्हतं. घसा खाकरून म्हणाला, "बसा बाई. पुढची गाडी हाय."

आणि चंदना मगदूम बाई बसल्या. पायरीवर, सांडलेल्या खिचडीच्या शेजारी, पाय पसरून. राणी हुंदके देत त्यांच्या अंगावर आली आणि तिनं त्यांच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. पोरं एकेक करून भोवती येऊन बसली. गुरुजींनी घंटा दिली नाही.

पुढची गाडी गेली, तिच्या पुढची गेली. ती मूठ सोडवायला बाईंनी हात लावला नाही.